पाण्याखालचा 'होकार' : डायव्हिंगच्या होडीवरील शिष्टाचार आणि संकेतभाषा

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, छत्तीसगढच्या मैदानात वसलेल्या भिलाईकरांना समुद्राची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच आहे. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची आता तिसरी पिढी नोकरी-व्यवसायात आहे. दिवाळीची सुटी किंवा रजा प्रवास सवलतीचा काळ जवळ आला की आमच्या शाखेत येणाऱ्या ग्राहकांच्या बोलण्यात पूर्वी शिर्डी, पंढरपूर, कोल्हापूर ही नावे असत. अलीकडे त्यांत मालवण आणि तारकर्ली या नावांची भर पडली आहे. केवळ सिंधुदुर्ग किल्ला पाहून परतावे, एवढाच आता या प्रवासाचा हेतू नसतो. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरावे, प्रवाळ आणि रंगीत मासे डोळ्यांनी पाहावेत, ही इच्छा मुलांइतकीच त्यांच्या आई-वडिलांचीही असते.

या छंदाची माहिती देणारी पत्रके भरपूर मिळतात. खर्च किती, छायाचित्रे मिळतील का, पोहता येणे आवश्यक आहे का, या प्रश्नांची उत्तरे त्यांत असतात. मात्र होडीवर पाऊल ठेवल्यापासून पुन्हा किनाऱ्याला लागेपर्यंत आपण कसे वागावे आणि पाण्याखाली एकमेकांशी कसे बोलावे, याविषयी फारसे लिहिलेले आढळत नाही. वस्तुतः या छंदातील सुरक्षितता यंत्रसामग्रीइतकीच या दोन गोष्टींवर अवलंबून असते. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श घेण्याचे योजले आहे.

स्कूबा म्हणजे काय?

'स्कूबा' हा शब्द इंग्रजीतील पाच शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला असून 'सोबत नेता येणारे, स्वयंपूर्ण जलश्वसनयंत्र' असा त्याचा अर्थ आहे. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वास घेताना आवश्यक तेवढीच हवा देणारी झडप यशस्वीरीत्या वापरून दाखवली आणि पाणबुड्या माणूस नळीच्या बंधनातून मुक्त झाला. टाकीमध्ये साधारणपणे २०० बार इतक्या दाबाने हवा भरलेली असते. दहा-बारा लिटरच्या टाकीत अशा प्रकारे दोन हजार लिटरहून अधिक हवा मावते. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर शरीरावरील दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि टाकीतील हवाही दुप्पट वेगाने खर्च होते. दहा मीटरवर फुप्फुसे भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर तीच हवा पृष्ठभागापाशी दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसांना गंभीर इजा करू शकते. म्हणूनच 'पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही' हा या विद्येचा पहिला नियम मानला जातो.

मालवणचा किनारा

छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा प्रारंभ २५ नोव्हेंबर १६६४ रोजी केला. ज्या खडकाळ पाण्यामुळे शत्रूच्या गलबतांना किल्ल्याजवळ येणे अवघड होते, त्याच खडकांच्या आधाराने येथे प्रवाळ आणि मासे वाढले आहेत. १९८७ साली मालवणच्या सुमारे २९ चौरस किलोमीटर परिसराला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे पर्यटन वाढले आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील अनेक तरुण डायव्हिंगच्या व्यवसायात उतरले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडा यांचे प्रशिक्षण देणारी संस्थाही उभारली आहे.

येथे येणारे बहुसंख्य पर्यटक प्रशिक्षित नसतात. एखादे कुटुंब किंवा मित्रमंडळ होडी ठरवते, अनोळखी पर्यटकही त्याच होडीत येतात आणि प्रत्येकाला एक प्रशिक्षक उथळ पाण्यात धरून नेतो. तेव्हा 'आमचे डायव्हिंग ते किती, त्यासाठी एवढे नियम कशाला?' असा प्रश्न कोणाच्याही मनात येऊ शकतो. परंतु समुद्र खोली विचारून वागत नाही. २४ मे २०२२ रोजी स्कूबा डायव्हिंगहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी तारकर्लीजवळ उलटली आणि त्यात दोन पर्यटकांना प्राण गमवावे लागले. परतीचा प्रवास हादेखील डायव्हिंगचाच भाग आहे, हे या घटनेवरून ध्यानात यावे.

होडीवर चढण्यापूर्वी

पहिला शिष्टाचार वेळेचा आहे. भरती-ओहोटी आणि वारा पाहून तांडेल निघण्याची वेळ ठरवतो. आपल्या नाश्त्यामुळे अर्धा तास उशीर झाला, तर त्या अर्ध्या तासात पाणी गढूळ होऊ शकते आणि त्याचा भुर्दंड होडीतील सर्वांना बसतो. पावसाळ्यात हा व्यवसाय बंद असतो. साधारणतः ऑक्टोबर ते मे हा हंगाम असला, तरी त्या काळातही एखाद्या दिवशी तांडेलाने 'आज नको' असे सांगितले, तर तो निर्णय अंतिम मानावा. रेल्वेचे परतीचे आरक्षण उद्याचे आहे, हे समुद्रासमोर मांडण्याचे कारण होऊ शकत नाही.

होडी आणि केंद्र निवडताना महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाची नोंदणी आहे का, होडीची प्रवासीक्षमता किती, प्रत्येकासाठी जीवरक्षक जॅकेट आहे का, हे विचारण्यात कसलाही संकोच नसावा. ठेव ठेवण्यापूर्वी आपण व्याजदर आणि मुदत विचारतो, तेव्हा त्यात बँकेचा अवमान होत नाही. येथेही तसेच आहे.

त्यानंतर भरावे लागते ते प्रकृतीविषयीचे प्रपत्र. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गर्भावस्था, सध्याची सर्दी अशा बाबींची त्यात विचारणा असते. अनेक जण न वाचता सर्वत्र 'नाही' अशी खूण करून सही करतात. वास्तविक हे प्रपत्र आपल्याला अडवण्यासाठी नसते. प्रशिक्षकाने आपल्याकडे कोणत्या दृष्टीने लक्ष द्यावे, हे त्यावरून ठरते. साधी सर्दी असली तरी कानातील दाब समतोल करता येत नाही आणि दोन-तीन मीटरवरच कान ठणकू लागतो. मुलांच्या वयाबाबत आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणसंस्था समुद्रातील पहिल्या अनुभवासाठी दहा वर्षांची मर्यादा पाळतात. 'नऊ पूर्ण आहेत, दिसतो मोठा' असे सांगून मुलाला पुढे करणे योग्य नव्हे.

होडी म्हणजे सामायिक घर

होडीवर जागा थोडी आणि माणसे अधिक असतात. त्यामुळे तेथील शिष्टाचार हा मुख्यतः जागेचा शिष्टाचार असतो. आपले सामान एकाच पिशवीत, बाकाखाली ठेवावे. काचेचा मुखवटा दुसऱ्याच्या पायाखाली येईल असा टाकू नये. हवेची टाकी भरलेली आणि वजनदार असते. ती नीट अडकवल्याशिवाय उभी ठेवली, तर एका लाटेसरशी आडवी होऊन कोणाचाही पाय जायबंदी करू शकते. म्हणून टाक्यांना आपण होऊन हात लावू नये, खलाशांनाच ते काम करू द्यावे. कोरडे कपडे आणि कॅमेरे ठेवण्याच्या जागी ओल्या अंगाने बसू नये. कॅमेरे धुण्यासाठी गोड्या पाण्याची वेगळी बादली असेल, तर त्यात मुखवटा बुडवू नये, कारण काच धूसर होऊ नये म्हणून मुखवट्याला आतून लाळ लावण्याची जुनी पद्धत आजही प्रचलित आहे.

होडी लागणे, म्हणजे मळमळ होणे, ही लाजिरवाणी बाब नाही. मळमळ वाटू लागताच खलाशाला सांगावे, वारा ज्या दिशेला वाहून जातो त्या बाजूच्या कडेशी बसावे आणि दृष्टी क्षितिजावर ठेवावी. पाण्यातून वर येण्यासाठी शिडी असते. एक जण शिडी चढत असताना दुसऱ्याने तिच्या अगदी खाली तरंगत राहू नये. वरच्याचा पाय घसरला, तर माणूस आणि टाकी दोन्ही खालच्याच्या डोक्यावर येतात.

कोकणातील अनेक होड्यांच्या पुढच्या टोकाला हार-नारळ वाहिलेला असतो. तेथे पादत्राणे घालून उभे राहून छायाचित्रे काढणे टाळावे. तांडेलाला 'काका' आणि तरुण प्रशिक्षकाला 'दादा' म्हणून हाक मारली, तर त्यांच्या मालवणीतील उत्तरातही तोच जिव्हाळा येतो. विदर्भ-छत्तीसगढच्या वळणाचे आपले बोलणे आणि त्यांची मालवणी यांत एखादा शब्द अडला, तर मान डोलावून पुढे न जाता पुन्हा विचारावा. या एका सवयीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

पाण्याखाली शब्द का चालत नाहीत?

तोंडात हवेची नळी असल्याने पाण्याखाली बोलता येत नाही, हे उघड आहे. परंतु आवाजाचाही तेथे फारसा उपयोग होत नाही, याचे कारण मनोरंजक आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, तर पाण्यात तो सुमारे १५०० मीटर होतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपला मेंदू दोन्ही कानांवर तो पोहोचण्यातील सूक्ष्म अंतरावरून ओळखतो. पाण्यात हे अंतर इतके कमी होते की टाकीवर कोणीतरी टकटक केल्याचे स्पष्ट ऐकू येते, पण ती कोठून झाली हे कळत नाही. टकटक ऐकू आली की सभोवार पाहायचे आणि मग हाताचा इशारा वाचायचा, हीच तेथील रीत आहे.

रंगही तेथे विश्वासार्ह राहत नाहीत. पाणी सर्वांत आधी तांबडा रंग शोषून घेते. त्यामुळे काही मीटरवरच लाल वस्तू काळपट दिसू लागते. अशा स्थितीत सर्वांना समान अर्थाने कळणारे हाताचे संकेत, हीच एकमेव भाषा उरते. ती होडीवर निघण्यापूर्वी शिकवली जाते. त्या पाच-दहा मिनिटांत मोबाइल बाजूला ठेवून लक्ष देणे, हा डायव्हिंगमधील सर्वांत मोठा शिष्टाचार होय.

चौकट : नेहमीचे संकेत

• अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ : हा प्रश्नही आहे आणि उत्तरही. 'ठीक आहे ना?' 'ठीक आहे.'
• अंगठा वर : वर चला.
• अंगठा खाली : खाली चला.
• सपाट पंजा डावी-उजवीकडे कलता हलवणे : काहीतरी बिघडले आहे. त्यानंतर बिघाडाच्या जागेकडे बोट दाखवायचे.
• तर्जनी कानाकडे : कान दुखतो आहे.
• तळहात समोर : थांबा.
• दोन्ही तर्जन्या शेजारी-शेजारी : जोडीने राहा.
• मूठ छातीवर : हवा कमी झाली आहे.
• सपाट हात गळ्यासमोरून आडवा : हवा मिळत नाही.
• दोन बोटे डोळ्यांकडे, मग एखाद्या दिशेला : तिकडे पाहा.
• पाण्याच्या पृष्ठभागावर हात डोक्यावर टेकवणे : मी ठीक आहे.
• पाण्याच्या पृष्ठभागावर हात वर करून हलवणे : मदत हवी आहे.

अंगठा आणि निरोपाचा हात

या यादीतील दोन संकेत आपल्या सवयींच्या नेमके उलट आहेत. ते स्वतंत्रपणे समजून घेतले पाहिजेत.

पहिला अंगठ्याचा. अंगठ्याशी बँकेच्या माणसाचे नाते जुने आहे. सहीऐवजी अंगठा उमटवणारे खातेदार आम्ही पाहिले आहेत आणि 'अंगठा दाखवणे' या वाक्प्रचाराचा अर्थही सर्वांना ठाऊक आहे. आजच्या पिढीला मात्र वर केलेला अंगठा म्हणजे 'छान, सर्व उत्तम' एवढेच माहीत असते. पाण्याखाली प्रशिक्षकाने 'ठीक आहे ना?' असे विचारल्यावर पर्यटक आनंदाने अंगठा वर करतो आणि प्रशिक्षक त्याला वर घेऊन येतो, असे वारंवार घडते. सफर मध्येच संपल्याची हळहळ पर्यटकाला वाटते, पण चूक प्रशिक्षकाची नसते. 'वर चला' हा संकेत मिळाल्यावर कारण न विचारता वर जायचे, असाच नियम आहे. याउलट, खरोखर वर यायचे असताना कोणी 'अंगठा दाखवला तर हसतील' म्हणून स्वस्थ राहिला, तर परिणाम अधिक गंभीर होतो.

दुसरा निरोपाच्या हाताचा. बाबा पाण्यात तरंगत आहेत, होडीवर आई आणि मुले कौतुकाने पाहत आहेत, अशा वेळी बाबांनी हात हलवणे अगदी सहज आहे. पण होडीवरील खलाशी त्याचा अर्थ 'मदत हवी' असाच घेतो आणि पाण्यात उडी टाकतो. असे दोन-तीनदा झाले की खऱ्या संकटाच्या हाताकडेही क्षणभर संशयाने पाहिले जाण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून पाण्यातून कोणालाही हात हलवून दाखवू नये. हात डोक्यावर टेकवला की होडीवरच्यांना हवा तो आनंददायक निरोप मिळतो.

भीड आणि खरे उत्तर

आपल्याकडे 'भीड भिकेची बहीण' अशी म्हण आहे. ही म्हण रचणाऱ्याने समुद्रतळ पाहिला नसेल, तरी डायव्हिंगच्या शिष्टाचाराचे सार तिच्यात आले आहे.

जमिनीवर शिष्टाचार म्हणजे दुसऱ्याचे मन राखणे. यजमानांनी विचारले तर भूक असूनही आपण 'पोट भरले' म्हणतो. प्रवासात त्रास होत असूनही 'मी ठीक आहे, तुम्ही चला' म्हणतो. यात आपले संस्कार दिसतात. पण पाण्याखाली हाच संस्कार घातक ठरतो. कान दुखत असताना केलेले बोटांचे वर्तुळ, हे प्रशिक्षकाच्या दृष्टीने एक विधान असते आणि तो त्यावर विसंबून आणखी एक मीटर खाली नेतो. त्याच्यापाशी आपल्या वेदनेचा दुसरा कोणताही पुरावा नसतो. मुखवट्याआड चेहऱ्यावरचे भावही नीट दिसत नाहीत. बँकेत आम्ही ग्राहकांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असे सांगतो. बोटांचे वर्तुळ ही पाण्याखालची सही आहे. ती खरी असेल तेव्हाच करावी.

यात घरातील वडीलधाऱ्यांची जबाबदारी विशेष आहे. 'एवढे पैसे भरले, आता घाबरतोस काय?' हे वाक्य होडीवर सर्रास ऐकू येते. बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो, पण ऐकणारे मूल त्यातून एवढेच शिकते की खाली गेल्यावर काही वाटले तरी सांगायचे नाही. त्याऐवजी 'केव्हाही नको वाटले, तर इशारा कर, आपण परत येऊ' असे सांगितले, तर मूल निर्धास्तपणे उतरते आणि बहुधा शेवटपर्यंत आनंदात राहते. कोणत्याही डायव्हरने, कोणत्याही वेळी, कोणत्याही कारणाने सफर थांबवावी आणि त्याबद्दल कोणी त्याला दूषण देऊ नये, हा जगभरातील डायव्हरांमध्ये मान्य असलेला संकेत आहे.

आमच्या शाखेचे एक ज्येष्ठ ग्राहक पोलाद कारखान्यातून क्रेनचालक म्हणून निवृत्त झाले आहेत. मालवणहून परतल्यावर ते म्हणाले, "साहेब, मला ते सगळे ओळखीचेच वाटले. शॉपमध्ये इतका आवाज असायचा की हातानेच बोलायचे. क्रेनला इशारा देणारा माणूस एकच असतो, दुसऱ्या कोणाचे ऐकायचे नाही. पण 'थांब' हा इशारा मात्र कोणीही देवो, झाडूवाल्याने दिला तरी क्रेन थांबलीच पाहिजे." पाण्याखालीही नेतृत्व एकाचे असते. थांबवण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाचा असतो. भिलाईच्या वाचकांना हे तत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

जोडीदार : दोन किल्ल्यांची तिजोरी

प्रशिक्षण घेऊन डायव्हर झालेली माणसे पाण्यात जोडीने उतरतात. बँकेची तिजोरी जशी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, तशी ही व्यवस्था आहे. अविश्वास म्हणून नव्हे, तर एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसावे म्हणून ती केलेली असते. उतरण्यापूर्वी दोघे एकमेकांची उपकरणे तपासतात. टाकीची झडप पूर्ण उघडली आहे का, पट्टे आवळले आहेत का, दाबमापक किती दाखवतो, हे मोठ्याने वाचून खात्री केली जाते. अनुभवी डायव्हरने 'माझे मी पाहिले आहे' असे म्हणून ही तपासणी टाळणे हे अशिष्टपणाचे लक्षण समजले जाते.

खाली गेल्यावर दाबमापकावरील आकडा बोटांनी एकमेकांना दाखवला जातो. सर्वसाधारण रीत अशी की ५० बार शिल्लक असतानाच होडीवर परत यायचे. ही खात्यातील किमान शिल्लक समजावी. ती स्वतःच्या मौजेसाठी नसते, आणीबाणीत जोडीदाराला देण्यासाठी असते. वर येतानाही घाई नसते. मिनिटाला साधारण नऊ मीटरहून अधिक वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, असा प्रघात आहे. दाबामुळे शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा, हा त्यामागील हेतू. होडीवर आपली वाट पाहणाऱ्यांनीही या विलंबाला कंटाळू नये.

अनुभवाविषयी खरे बोलणे, हाही जोडीदाराशी असलेल्या निष्ठेचाच भाग आहे. पाच वर्षांपूर्वी एकदाच उतरलेल्या माणसाने 'मला येते' असे सांगितले, तर प्रशिक्षक त्याच्यावरील लक्ष कमी करून दुसऱ्याकडे वळतो. 'पुष्कळ दिवसांनी उतरतो आहे' या चार शब्दांत कमीपणा काहीच नाही.

शिरगणती

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ येथे २५ जानेवारी १९९८ रोजी भाड्याच्या होडीतून गेलेले एक अमेरिकन दाम्पत्य पाण्यातच राहिले आणि होडी किनाऱ्याला परतली. माणसे मोजण्यात चूक झाली होती. दोघे बेपत्ता असल्याचे दोन दिवसांनी, होडीवर राहिलेल्या त्यांच्या सामानावरून लक्षात आले. मोठा शोध घेऊनही ते सापडले नाहीत. या घटनेनंतर तेथे माणसे मोजण्याचे आणि नोंदवण्याचे नियम अधिक कडक करण्यात आले.

या घटनेतून साध्या पर्यटकाने घ्यावयाचा धडा अगदी छोटा आहे. होडी सुटण्यापूर्वी हजेरी घेतली जाते, तेव्हा फक्त स्वतःसाठी उत्तर द्यावे. 'हो, हो, ते सगळे आमच्यातलेच आहेत, आलेत सगळे' असे म्हणून एकाने दहा जणांची हजेरी देणे, ही आपल्या सामूहिक सहलींतील नेहमीची पद्धत आहे. येथे ती सोडून द्यावी. मोजणी चालू असताना जागा बदलू नये, गप्पा मारू नयेत आणि कोणाच्या परवानगीशिवाय 'जरा एक डुबकी मारून येतो' म्हणून पुन्हा पाण्यात उतरू नये. मोजणी झाल्यावर आपल्या शेजारी मघाशी बसलेला माणूस तेथेच आहे ना, हेही एकदा पाहावे. तो आपल्या ओळखीचा नसला तरी पाहावे.

रात्रीचा मुक्काम असलेल्या मोठ्या डायव्हिंग नौकांवर याला आणखी एका काळजीची जोड द्यावी लागते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ २ सप्टेंबर २०१९ रोजी 'कन्सेप्शन' नावाच्या अशा नौकेला पहाटे आग लागली आणि खालच्या कक्षात झोपलेल्या ३४ जणांचा मृत्यू झाला. रात्री गस्त घालणारा कोणीही जागा नव्हता, असे चौकशीत स्पष्ट झाले. अशा नौकेवर गेल्यास बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता आणि रात्री पहारा कोणाचा, हे दोन प्रश्न पहिल्याच संध्याकाळी विचारावेत.

समुद्राशी शिष्टाचार

आपण ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून जातो, त्यांच्याशीही वागण्याची रीत असते. प्रवाळ हा दगड नसून असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत असते आणि ती अत्यंत सावकाश वाढते. एका पायाच्या धक्क्याने मोडलेला तुकडा पुन्हा वाढायला वर्षे लागतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण आहे, त्यामुळे आठवण म्हणून तुकडा पिशवीत घालणे हा केवळ अशिष्टपणा नाही, तर गुन्हाही आहे. छायाचित्रासाठी मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकण्याचा आग्रह प्रशिक्षकाकडे धरू नये. पाण्याच्या तळावर उभे राहू नये, वाळू ढवळू नये. ती वाळू आपल्या मागून येणाऱ्याची दृष्टी झाकते आणि प्रवाळावर बसून त्याचा प्रकाश अडवते. खाद्यपदार्थांची रिकामी पाकिटे किनाऱ्यावर परत आणावीत, हे वेगळे सांगावयास नको.

थोडे व्यवहाराचे

ठरलेल्या रकमेत काय काय अंतर्भूत आहे, छायाचित्रांचे वेगळे शुल्क आहे का, हवामानामुळे सफर रद्द झाल्यास पैसे परत मिळतील की दुसरी तारीख, हे किनाऱ्यावरच ठरवून पावती घ्यावी. होडीवर घासाघीस करू नये. सर्वसाधारण प्रवास विम्यात आणि काही अपघात विम्यांत साहसी खेळ वगळलेले असू शकतात. म्हणून पॉलिसीतील अपवादांचा भाग निघण्यापूर्वी वाचून घ्यावा. प्रशिक्षकाने चांगली काळजी घेतली, तर त्याला यथाशक्ती बक्षिशी देणे उचित होय. या मुलांचा हंगाम वर्षातील काही महिन्यांपुरताच असतो.

अंदमानला जाणाऱ्या ग्राहकांनी आणखी एक पथ्य पाळावे. डायव्हिंगनंतर लगेच विमानप्रवास करू नये. एकदाच उतरले असल्यास किमान १२ तास आणि अनेकदा उतरले असल्यास किमान १८ तास थांबावे, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) येथे सकाळी डायव्हिंग करून त्याच दिवशी श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरहून रायपूरच्या दिशेने विमान पकडण्याचा कार्यक्रम आखू नये. शेवटचा दिवस दर्शनीय स्थळांसाठी राखून ठेवावा.

समारोप

डायव्हिंगच्या होडीवरील हे सारे नियम पाहिले, तर त्यांचे मूळ एकाच गोष्टीत असल्याचे दिसून येते. जेथे माणसाला बोलता येत नाही, तेथे त्याचा प्रत्येक इशारा खरा असावा लागतो आणि पाहणाऱ्याने तो तितक्याच गांभीर्याने वाचावा लागतो. विश्वासाचा व्यवहार तो हाच. येत्या हंगामात आमच्या वाचकांपैकी ज्यांना मालवणच्या पाण्यात उतरण्याचा योग येईल, त्यांनी आदल्या रात्री कुटुंबातील सर्वांना एकत्र बसवून वरील चौकटीतील संकेतांची एकदा उजळणी करावी आणि घरातील सर्वांत लहान सदस्याला 'थांबा' हा इशारा आवर्जून करायला लावावा. तो इशारा सर्वांनी ऐकायचा असतो, हे त्याला त्याच वेळी कळेल. समुद्रतळाची आपली सफर सुखरूप आणि आनंददायी होवो, ही शुभेच्छा.